महागडा आयईएम खरंच चांगला वाजतोय का, हे ठरवायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दहा दिवसांसाठी दोन हाय-एंड आयईएम (इन-इअर मॉनिटर, कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) हातात आलेत आणि ते जुन्या ॲम्पवर ऐकताय, एकात प्रत्येक बाजूला बारा बीए ड्रायव्हर (बॅलन्स्ड आर्मेचर, बारीक पाती हलवून आवाज काढणारे), दुसऱ्यात एकच डायनॅमिक (छोट्या स्पीकरसारखा). पहिल्या रात्री बारावाला ऐकून "कसला डिटेल आहे" असं झालं, आणि चौथ्या दिवशी तोच टोचायला लागला, गाण्यात "स" किंवा "श" आला की डोळे मिटतात, आणि रिव्ह्यूमध्ये मात्र सगळे त्याला स्मूद म्हणतायत. मग माझे कान चुकतायत, युनिट खराब आहे, की अजून बर्न-इन (बरेच तास वाजवून आवाज मोकळा होणं) व्हायचंय? आणि अनुभवी माणसं हे जज कसं करतात?

तुमचे कान बरोबर आहेत, युनिटही बहुतेक बरंच आहे, आणि बर्न-इनची वाट बघू नका. मी १८ वर्षं स्टेजवर मॉनिटर मिक्स करतोय, दुसऱ्याच्या कानात काय जातंय ते बघणं हेच माझं काम, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळलीये की आयईएमचा आवाज एकट्या आयईएमचा कधीच नसतो, तो आयईएम, त्याची टिप (कानात जाणारी रबरी किंवा फोमची टोपी) आणि तुमच्या कानाची नळी ह्या तिघांनी मिळून केलेला असतो. त्यामुळे "हा चांगला का तो" ह्याच्या आधी "हा माझ्या कानात नीट बसलाय का" हे ठरवावंच लागतं. ते न बघता दिलेला निकाल, मग तो कितीही सुंदर भाषेत लिहिलेला असो, मी तरी धरत नाही.

एक गायिका होती, साऊंडचेकला सगळं मस्त, शो सुरू झाला की पहिल्याच गाण्यात हाताने खुणा, माझा आवाज पातळ येतोय, खालचं सगळं गेलंय. मी लो, म्हणजे खालचे सूर, वाढवायचो, गाणं संपलं की ती म्हणायची आता घुमतंय. दोन शो असेच गेले. तिसऱ्या वेळी मी तिच्या समोर उभा राहिलो आणि फक्त "आ" लावायला सांगितला, तर जबडा उघडला की डाव्या कानातला आयईएम केसभर बाहेर सरकताना मला डोळ्यांनी दिसला. सील, म्हणजे नळीतली हवाबंद पकड, तुटत होतं. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, म्हणूनच गायकांच्या कस्टम आयईएमसाठी कानाचं माप घेताना दातात ठोकळा धरायला देऊन तोंड उघडं ठेवतात, आणि तिचं माप तोंड मिटून घेतलं गेलं होतं. नवीन माप घेतलं, शेल (बाहेरचं कवच) बदलले, मिक्समध्ये मी एक फेडर हलवला नाही आणि तक्रार कायमची गेली.

तर पहिलं काम हेच. फोनवर कुठलंही टोन जनरेटर ॲप घ्या, ४० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि आयईएम बोटाने हलकासा आत दाबा. दाबल्यावर टोन जाड झाला तर तुमचं सील अपुरं आहे आणि त्या आयईएमच्या बेसबद्दल तुम्ही आत्तापर्यंत जे काही ठरवलंय ते सोडून द्या. मग टोन चालू ठेवून जबडा उघडा, मान वळवा, गिळा. दोन्ही कान वेगवेगळे तपासा, दोन्ही कानांना वेगळ्या साईझची टिप लागणं अगदी कॉमन आहे, त्यात कमीपणा काही नाही. बरेच जण टिप लहान घेतात कारण ती आरामदायक वाटते, आणि मग महिनाभर बेस कुठाय म्हणून केबल बदलत बसतात.

आता तुमच्या टोचण्याकडे येतो, कारण खरी गंमत इथे आहे. आयईएम घातला की त्याचं तोंड आणि तुमच्या कानाचा पडदा ह्यांच्यामध्ये हवेचा एक छोटासा स्तंभ अडकतो, आणि बासरीसारखाच तो एका ठराविक स्वराला गुंजतो. अंदाजे हिशोब करा, स्तंभ २१ मिलिमीटर असेल तर ही गुंज ८ किलोहर्ट्झच्या आसपास येते, १७ मिलिमीटर असेल तर १० च्या आसपास. म्हणजे टिप जरा आत गेली, चारच मिलिमीटर, तर ह्या गुंजेचा पीक, म्हणजे टोकाचा उंचवटा, दोन किलोहर्ट्झ वर सरकला. आणि "स" ची, थोडीफार "श" ची आणि झांजेची धार ह्या पट्ट्यापर्यंत पोचते. रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या कानात तो पीक जिथे पडला तिथे त्या आयईएमच्या ट्यूनिंगमध्ये खड्डा होता म्हणून त्याला स्मूद वाटलं, तुमच्या कानात तोच पीक उंचवट्यावर बसला म्हणून तुम्हाला टोचलं. दोघंही खरं बोलताय.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. साईन टोन हळू आवाजात लावा, ५ किलोहर्ट्झपासून १२ पर्यंत अगदी सावकाश वर न्या (ह्यालाच स्वीप म्हणतात) आणि कुठे टोन अचानक उसळतो तो आकडा लिहून ठेवा. आपला कानच सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो त्यामुळे सपाट ऐकू यायची अपेक्षा नकोच, आपण फक्त अरुंद, टोकदार उसळी शोधतोय. आता टिप बदला, एक साईझ मोठी घेऊन आयईएम थोडा बाहेर ठेवा किंवा लहान घेऊन खोल घाला, सील मात्र टिकलं पाहिजे, आणि पुन्हा करा. उसळीचा आकडा सरकला तर ती तुमच्या कानाच्या नळीची आहे, टिप बदलून किंवा फोम लावून ती काबूत येऊ शकते. कितीही खालीवर केलं तरी आकडा जागचा हलत नसेल तर ती त्या आयईएमच्या ट्यूनिंगमध्येच आहे आणि मग ती तुम्हाला आवडते का नाही एवढाच प्रश्न उरतो. मी कुठलाही नवीन आयईएम घेतला की गाणं लावायच्या आधी हे करतो, दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दहा दिवस वाचतात.

ग्राफचंही, म्हणजे आयईएम कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात वाजवतो त्या आलेखाचंही, ह्याच हिशोबाने बघा. आपण बघतो ते बहुतेक ग्राफ ज्याला सगळे ७११ कपलर म्हणतात त्याच्यावर काढलेले असतात, हे नाव १९८१ च्या आयईसी ६०७११ ह्या स्टँडर्डवरून पडलं, आता त्याचा नंबर ६०३१८-४ झालाय. हा कृत्रिम कान साधारण १० किलोहर्ट्झपर्यंतच माणसाच्या सरासरी कानाचा दावा करतो, आणि त्यातही मोजणारा माणूस मुद्दाम ८ किलोहर्ट्झला पीक येईल अशा खोलीवर आयईएम बसवतो म्हणजे सगळे ग्राफ एकमेकांशी जुळवता येतात. ग्राफमध्ये ८ ला डोंगर दिसला की "अरे बापरे केवढा ट्रेबल" म्हणणारे खूप भेटतात, तो डोंगर बराचसा कपलरचा असतो. मी ग्राफ ५-६ किलोहर्ट्झपर्यंत विश्वासाने वाचतो, त्याच्या वर स्वतःचा कान.

ग्राफवर ३ किलोहर्ट्झजवळ साधारण १० डीबीचा उंचवटा दिसला म्हणून घाबरू नका. उघडा कान स्वतःच तिथे आवाज वाढवत असतो, नळी सुमारे २५ मिलिमीटर लांब आणि एका बाजूने उघडी, तिचा स्वतःचा रेझोनन्स तिथेच येतो, शिवाय कानाची पाळी आणि वाटी भर घालतात. आयईएमने ते भोक बुजवलं की ही नैसर्गिक वाढ जाते, ती आयईएमलाच भरून द्यावी लागते. ती कमी दिली तर गायक पडद्यामागून गातोय असं वाटतं, जास्त दिली तर ओरडतोय असं. किती द्यावी ह्यावर मतभेद आहेत, हरमन ह्या ऑडिओ कंपनीचं २०१९ चं इन-इअर टार्गेट (आवाज कसा असावा ह्याचा नमुना ग्राफ) मला वैयक्तिक ह्या भागात जरा भडक वाटतं, खूप लोकांना ते अगदी बरोबर वाटतं. स्त्री आवाज आणि व्हायोलिन ह्यांच्यावर हे पटकन कळतं.

आता लेव्हल. माझ्या मते निम्म्याहून जास्त चुकीचे निकाल इथे लागतात. दोन आयईएमची सेन्सिटिव्हिटी (त्याच व्हॉल्यूमला कोण किती मोठा वाजतो) सहज १० डीबीने वेगळी असते, तुम्ही व्हॉल्यूम तोच ठेवून एक काढला दुसरा घातला की जो मोठा वाजेल तो जिंकणार. आणि फरक मोठा असेल तर निदान कळतो तरी, अर्धा-एक डीबीचा फरक आवाज मोठा म्हणून कळत नाही, तो "जास्त क्लिअर", "जास्त जिवंत" म्हणून कळतो, म्हणून तो घातक. त्यात हळू आवाजात कानाला बेस आणि वरचं टोक कमी ऐकू येतं, हे १९३३ पासून माहितीये, फ्लेचर आणि मनसन ह्यांनी तेव्हाच मोजून ठेवलंय. त्यामुळे एक डीबी वाढवलं की नुसता आवाज वाढत नाही, बॅलन्सही बदलतो.

कपलर असेल तर ०.२ डीबीच्या आत जुळवा. नसेल तर मी सांगतो तसं करा, ५०० ते २००० हर्ट्झमधला पिंक नॉइज (पावसासारखा सळसळता आवाज) लावा, एक काढून दुसरा पटकन घाला, सारखा वाटेपर्यंत व्हॉल्यूम फिरवा आणि दोघांचे आकडे लिहून ठेवा. कानाने जुळवलं तर एखाद डीबी इकडेतिकडे राहणारच, म्हणून मग दोन फेऱ्या करा, एका फेरीत पहिला किंचित मोठा, दुसऱ्या फेरीत दुसरा किंचित मोठा. तुमची पसंती व्हॉल्यूमच्या मागे पळाली तर तुमच्याकडे अजून निकाल नाहीये. दोन्ही फेऱ्यांत एकच आवडला तर काहीतरी खरं आहे.

आणि हळू ऐका हो. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला ८० डीबीला आठवड्याचे ४० तास म्हणते आणि दर ३ डीबीला वेळ अर्धी होते, म्हणजे ८९ ला पाचच तास. तासभर जोरात ऐकल्यावर कान तात्पुरता बधिर होतो आणि बधिर कानाला टोचरा आयईएमही गोड लागतो, शोनंतर रात्री केलेलं जजमेंट मी कधीच धरत नाही, सकाळी परत ऐकतो.

सोर्सबद्दल, म्हणजे आयईएम ज्याला जोडता त्या फोन किंवा ॲम्पबद्दल, एकच गोष्ट सांगतो पण ती तुमच्या बारा ड्रायव्हरवाल्याला नेमकी लागू आहे. मल्टी-बीए आयईएमचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) फ्रिक्वेन्सीप्रमाणे खूप वरखाली होतो. समजा खाली बेसला ८ ओहम आहे आणि वर ट्रेबलला ३०, आणि तुमच्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम आहे. तर बेस ७ डीबी पडेल आणि ट्रेबल फक्त अडीच, म्हणजे तुमच्यापर्यंत साडेचार डीबी जास्त उजळ आयईएम पोचला, जो बनवणाऱ्याने बनवलाच नव्हता. सिंगल डायनॅमिकचा इम्पीडन्स बराचसा सपाट असतो, त्याला हा त्रास जवळजवळ नाही. म्हणून सोर्सचा आउटपुट इम्पीडन्स आयईएमच्या सगळ्यात कमी इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाच्या आत हवा, इथे म्हणजे १ ओहमच्या आत. तुम्ही जुन्या ॲम्पवर ऐकताय असं लिहिलंय, तर आधी तेवढं बघून घ्या, तुमच्या टोचण्यातला मोठा हिस्सा तिथेच निघू शकतो. केबलचंही एवढंच, तिचा रेझिस्टन्स ह्याच हिशोबात मिळवायचा, बाकी धातूच्या रंगाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

हे सगळं झालं की मग "डिटेल". पहिल्या रात्री जो डिटेल वाटतो तो बहुतेक वेळा ५ ते ८ किलोहर्ट्झ वाढवल्याचा असतो. गायकाचा श्वास, गिटारच्या तारेवर सरकणारं बोट, रिव्हर्बची शेपटी, सगळं पुढे येतं आणि वाटतं आपण हे आधी ऐकलंच नव्हतं. ऐकलं होतं, आता ते मोठं झालंय. मी डिटेल उलट खाली शोधतो, जिथे ट्रेबल वाढवून फसवता येत नाही. किक ड्रम पडत असताना त्याच्या पोटात बेस गिटारने कुठला स्वर लावला ते गुणगुणता येतं का? मागे दोन जण कोरस गातायत, एकालाच धरून शेवटपर्यंत जाता येतं का? तबल्यात डग्ग्याचा स्वर तळहाताने दाबून वर चढवतात तेव्हा तो चढ सलग ऐकू येतो, की सुरुवात आणि शेवट ऐकू येऊन मधलं पीठ होतं? आणि त्याच वेळी चाटेवरची (तबल्याच्या कडेवरची) टणत्कारी धार डग्ग्याच्या घुमाऱ्यात बुडत तर नाही ना?

एकच आवाज निवडायचा झाला तर मी नुसता तानपुरा निवडीन. जवारी लागलेली तार छेडली की हार्मोनिक्स एकदम येत नाहीत, एकामागून एक उमलत वर जातात आणि मग सावकाश विरतात, आणि हे दर आवर्तनाला जवळपास तसंच होतं, म्हणजे दोन आयईएममध्ये तुलना करायला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मिळते. चांगल्या आयईएमवर ही उमलण्याची शिडी सलग असते. ट्यूनिंगमध्ये टोकदार पीक असेल तर प्रत्येक छेडीत एकच हार्मोनिक डोकं वर काढतो, शिट्टीसारखा, आणि एकदा तो सापडला की मग प्रत्येक गाण्यात सापडत राहतो. खड्डा असेल तर शिडीची एक पायरी गायब. गाणं ऐकताना शब्द, चाल, आवडता गायक ह्यात लक्ष जातं, तानपुऱ्यात जायला दुसरं काही नसतंच.

साऊंडस्टेजबद्दल लोक फार लिहितात, मी थोडंच लिहितो. आयईएम कानाच्या पाळीला बाजूला ठेवून थेट नळीत आवाज सोडतो, दिशा ओळखायच्या निम्म्या खुणा तिथेच जातात, त्यामुळे स्टेज थोडंफार डोक्यातच राहणार. तपासायचं काय तर मध्य. मोनो आवाज लावा, तो खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत नाकाच्या रेषेत स्थिर राहतो का बघा. ठराविक स्वरांना डावीकडे कलत असेल तर आधी नोझलची (आवाज बाहेर पडतो त्या तोंडाची) जाळी बघा, मळाने एका बाजूचा ट्रेबल मस्त बंद होतो. मग तेच दुसऱ्या आयईएमवर ऐका, तिथेही त्याच बाजूला कललं तर ते तुमच्या दोन कानांमधला फरक आहे किंवा सोर्स, आणि फक्त ह्याच आयईएममध्ये होत असेल तर चॅनल मॅचिंग, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूची जुळणी, कच्चं आहे. ह्या वर्गाच्या आयईएममध्ये ते मी खपवून घेत नाही, तो परत जायला हवा.

ड्रायव्हर किती ह्याने काहीच ठरत नाही. सेन्हायझरच्या आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक आहे, ६४ ऑडिओच्या यू१२टी मध्ये बारा बीए आहेत, दोन्ही त्यांच्या वर्गातली नावाजलेली मॉडेल, आणि १९९१ चा एटिमोटिकचा ईआर-४ एका बीएवर इतकी वर्षं लोकांचा रेफरन्स राहिला. बर्न-इनचं म्हणाल तर मी नवीन युनिट आणि महिनाभर वाजवलेलं तेच युनिट कपलरवर मोजून पाहिलंय, फरक हा आयईएम काढून परत घालण्यातल्या फरकापेक्षा लहान निघाला. बदलतो तो आपला मेंदू, त्याला दोन-तीन दिवसांत कुठल्याही ट्यूनिंगची सवय होते. म्हणूनच आलटूनपालटून ऐकणं आणि एकच सलग वापरणं ही दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करावी लागतात, पहिल्याने फरक कळतो, दुसऱ्याने तो फरक सहन होतो का ते कळतं.

ईक्यूही (इक्वलायझर, ठराविक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) वापरा, त्यात चोरी नाही. हरमनमध्ये शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ च्या अभ्यासात ३० वेगवेगळ्या इन-इअर मॉडेलचे आवाज एकाच आयईएमवर ईक्यूने उभे करून ऐकवले, कारण वेगवेगळे आयईएम कानात घातले की स्पर्शावरूनच ओळखू येतात, खरी ब्लाइंड टेस्ट होतच नाही. तेच तुम्ही लहान प्रमाणात करा, तो टोचणारा आकडा सापडलाय ना, तिथे अरुंद फिल्टर लावून ३-४ डीबी खाली घ्या आणि मग दोघांची तुलना करा. टोचणं गेल्यावरही खालच्या पट्टीत तो पुढे असेल तर ते त्याचं खरं बळ. टोचण्याबरोबर डिटेलही गेला तर तो डिटेल म्हणजे ते टोचणंच होतं.

तुमच्याकडे सहा दिवस उरलेत असं धरतो. आज टिप आणि सील, स्वीप करून आकडे लिहा, आणि कमी आउटपुट इम्पीडन्सचा एखादा साधा डोंगल (फोनला लावायचा छोटा ॲम्प) मिळाला तर बाकी सगळं त्याच्यावरच ऐका. उद्या लेव्हल जुळवून चार-पाच ओळखीच्या रेकॉर्डिंगच्या तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांवर दोन्ही फेऱ्या, तुकडे छोटेच ठेवा कारण कानाची बारीक आठवण काही सेकंदच टिकते. मग दोन दिवस फक्त एक, दोन दिवस फक्त दुसरा, नेहमीच्या व्हॉल्यूमला, नेहमीचं काम करत, काहीही न तपासता, आणि रोज रात्री एवढंच लिहा की आज किती वेळा व्हॉल्यूम कमी केला आणि किती वेळा आयईएम काढून कान चोळला. तुमचे स्वीपचे आकडे आणि ॲम्पचं मॉडेल इथे टाका, मी बघतो.